गिरणेची वाळू समुद्रापर्यंत

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "समुद्र कुठं, आपण कुठं? तिथल्या वाळूचं आपल्याला काय?" विचारलं ते बरंच केलं.

बांभोरीच्या पुलाखालची गिरणा पुढं तापीला मिळते. तापी सुरतेपलीकडे खंभातच्या आखातात जाते, सोबत आपली वाळू-माती घेऊन. तिथंही ही वाळू गप बसत नाही. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात, म्हणून ती किनाऱ्याकिनाऱ्यानं सरकत राहते. भरती-ओहोटी तळाचा गाळ ढवळते.

बंदरातला गाळ काढून समुद्रात टाकतात. तो फिरून बंदरातच आला तर? वाऱ्याच्या तोंडावर केर टाकावा अन् तो घरात यावा, तसं. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानं बंदरांजवळ किरणोत्सारी खुणेचे कण तळाशी सोडून गाळाचा माग काढला. पुण्याजवळ खडकवासल्याला 1916 पासूनचं सरकारी केंद्र आहे. तिथं बंदराचा छोटा नमुना बांधून, पाणी सोडून बघतात. नवा धक्का बांधला अन् सरकती वाळू एका बाजूला अडली, तर दुसऱ्या बाजूचा किनारा समुद्र खातो.

नदीतून येणारी वाळू कमी झाली तरी किनारा खंगतो. 1969 चं गिरणा धरण, 1972 चं उकाई, दोन्हींत गाळ अडतो. धरणं नकोत असं आम्ही म्हणत नाही, आपली शेती त्यावरच आहे. पण धरणाखाली वाळूची भर आधीच कमी, अन् उरलेली ट्रॅक्टर नेतात.

समुद्र खचायच्या आधी आपली विहीर खचते. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, तेच काठच्या विहिरींना पाझरतं. वाळू गेली, पात्र खोल गेलं की विहिरीचं पाणीही खाली जातं. मग लांबून हंडा आणायचा कोणी? आपणच.

घरकुलाला वाळू लागते, हेही खरं. म्हणून आमच्या गटांनी सरसकट विरोध धरला नाही. वाळूघाटाच्या लिलावाआधी हा विषय ग्रामसभेत काढायचा. तिथं आम्ही तीन गोष्टी विचारणार: किती खोल काढणार, विहिरी अन् पुलापासून किती लांब, अन् रात्री गाड्या का? उत्तर ठरावात लिहून घ्यायचं, वाचून मगच सही करायची. ग्रामसभेआधीची महिला सभा चुकवू नका. येताना आपल्या विहिरीचं पाणी किती हात खाली आहे, ते दोरीनं मोजून आणा.