आधी मुद्दाम धूसर



“तू कॉम्प्युटरवाली, मग भिंगांच्या नादी कशी लागलीस?” असं मघाशी चहाच्या वेळी दोघींनी विचारलं. म्हणून त्याबद्दलच बोलते.

शेवटच्या बाकावरून फळा दिसेना की आपण डोळे किलकिले करायचो. फट बारीक झाली की अक्षर जरा उठून दिसतं, पण उजेड कमी होतो. कॅमेऱ्याचंही तसंच. आपल्या श्रीपूरच्या कारखान्यात पट्ट्यावरून साखरेची पोती जातात, तशी माझ्या कामात औषधांची खोकी जातात. एखादं उंच, एखादं बुटकं. प्रत्येकावरची मुदतीची तारीख कॅमेऱ्यानं वाचायची. दर खोक्याला फोकस बदलायला सवड नाही. छिद्र बारीक करावं, तर पळत्या खोक्याला उजेड पुरत नाही.

“मग सॉफ्टवेअरनं करा की स्पष्ट!” असं सगळे म्हणतात. पण साध्या भिंगाचा फोकस चुकला की काही बारीक तपशील नुसता फिका होत नाही, पार शून्य होतो. शून्याला कितीनेही गुणा, काय येतं ते गणिताच्या सरांना विचारा! तिथं एआय लावलं तर ते अंदाजानं जागा भरतं. ३ चा ८ होतो, आणि तोही चांगला ठसठशीत. औषधाच्या मुदतीत मला अंदाज नको.

१९९५ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या डाउस्की आणि कॅथी यांनी उलटाच विचार मांडला. भिंगाच्या छिद्रापाशी एक पारदर्शक चकती बसवायची, जिची जाडी घनाच्या सूत्रानं बदलत जाते. मग जवळचं, लांबचं सगळं जवळपास सारखंच धूसर येतं, पण त्या टप्प्यात तपशील शून्य होत नाही. धूसरपणा कसा आहे हे आधीच ठाऊक असल्यानं एकच गणित सगळ्यांना लावून तो काढता येतो. आपल्या नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रास्कर यांनीही सहकाऱ्यांसह २००७ मध्ये छिद्रात नक्षीदार जाळी बसवून, काढलेल्या फोटोचा फोकस नंतर बदलून दाखवला. थोडक्यात, भिंग आणि प्रोग्राम एकत्रच आखावे लागतात. भिंग ठरल्यावर आम्हाला बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. (मीटिंगमध्ये हे माझं नेहमीचं भांडण!)

हेही फुकट मिळत नाही. धूसरपणा काढताना चित्रातला खरखरीतपणा वाढतो, कमी उजेडात तर फारच. म्हणून आमच्या यंत्राला तीन उत्तरं दिली आहेत: मुदत आहे, मुदत संपली, वाचता आलं नाही. तिसऱ्या उत्तराची खोकी बाजूला पडतात, माणूस ती हातात घेऊन बघतो. यंत्र विकत घेणाऱ्यांना ती संख्या खुपते. ती शून्यावर आणून द्यायला मी अजून तयार झालेली नाही.