पुलावरचा काळा बर्फ

मिनियापोलिसमधला माझा पहिला हिवाळा. सकाळी ऑफिसला निघालो, रस्ता नुसता ओला दिसत होता. पुलावर आलो आणि गाडी आडवी सरकायला लागली. पाय पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तयार झालेला, गेला थेट ब्रेकवर! गाडी आणखीनच फिरली. मग ब्रेक सोडला, ॲक्सिलरेटरलाही हात, म्हणजे पाय, लावला नाही. जिकडे जायचं तिकडे बघत स्टिअरिंग हळूच वळवलं. कठड्याच्या हातभर अलीकडे सरळ झाली.

पुलाला खालूनही गार वारा लागतो ना, म्हणून तिथं बर्फ आधी जमतो. नाव काळा बर्फ, पण असतो काचेसारखा पारदर्शक. खालचं डांबर दिसतं. आणि फोर-व्हील ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. ती पॉडकास्ट ऐकत नाही, नशीब!