घरकुलाची जागा



भाषेच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी ग्रामीण घरबांधणीच्या अनुदानाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. मला या विषयाकडे नेले ते एका शब्दाने. ‘घरकुल’ हे ‘घर’ या शब्दाचे इवले, लाडके रूप. आज ते अर्ज, यादी आणि हप्ता यांच्या संगतीत नांदते आहे. तरीही त्यातील जिव्हाळा टिकावा असे वाटते, म्हणून हा विचार.

इंदिरा आवास योजना 1985-86 साली सुरू झाली. 2016 साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण हिने घेतली. या योजनेत सपाट प्रदेशातील कुटुंबास 1 लाख 20 हजार रुपये हप्त्यांनी थेट बँक खात्यात मिळतात. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. घर किमान 25 चौरस मीटरचे असावे, एवढी अट. ठेकेदार मात्र नेमायचा नाही. मला हे कलम फार मोलाचे वाटते. दार कोणत्या दिशेला आणि चूल कुठे, हे जो ठरवतो तोच घराचा खरा धनी असतो.

परंतु अनुदान भिंतींना मिळते. भिंती उभ्या राहायच्या त्या भूमीचे काय?

1956 पर्यंत आपल्या हैदराबाद राज्यात असलेल्या लातूर-उस्मानाबाद भागाचेच उदाहरण पाहू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची, जड माळवदाची घरे माणसांवर कोसळली. पुढे 52 गावांचे स्थलांतर झाले. नव्या गावांत भूमिहीनांना व अल्पभूधारकांना 250 चौरस फुटांचे घर मिळाले, एक हेक्टरहून अधिक शेती असणाऱ्यांना 400 आणि सात हेक्टरहून अधिक असणाऱ्यांना 750 चौरस फुटांचे. धरणीने धनिक-निर्धन असा भेद केला नव्हता. तो पुनर्वसनाच्या कोष्टकाने पुन्हा रेखाटला.

आजच्या योजनेत तसे कोष्टक नाही. पण ज्याच्या नावावर हातभर जागा नाही, त्याचे नाव यादीत येऊनही घर उभे राहत नाही. भूमिहीनास शासनाने आधी जागा द्यावी, असे नियम सांगतात. महाराष्ट्राने 2015 साली पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावे जागाखरेदीसाठी स्वतंत्र साहाय्यही सुरू केले. तथापि गावठाणात विकाऊ जागाच नसेल, तर पैसा हाती असूनही माणूस उघड्यावरच राहतो.

मित्रहो, येथे हा प्रश्न आपल्या दाराशी येतो. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मराठवाड्यातून या नगरीत आले. मागे राहिलेल्या वाड्यांच्या जागी आज पडक्या भिंती आणि बाभळी आहेत. वाटण्या झालेल्या नाहीत, उताऱ्यावर पणजोबांचे नाव आहे, आणि गावाकडे कुणी फिरकत नाही. त्याच गावाच्या कडेला एखादे कुटुंब अनुदान मंजूर होऊनही जागेवाचून थांबलेले असू शकते.

वडिलोपार्जित जागेची माया मी जाणतो. ती दान करा असा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. भावंडांनी एकत्र बसून कागद नीट करावेत आणि वापरात नसलेली जागा रास्त भावाने गरजूला द्यावी, एवढीच विनंती. ओसाड पडलेल्या अंगणात पुन्हा दिवा लागला, तर पूर्वजांना त्याचा आनंदच होईल.