चषकांची मोजणी

लिव्हरपूल हे इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुने बंदर. तेथील फुटबॉल क्लबला नवा व्यवस्थापक आला, की गावात एकच हिशेब सुरू होतो. आधीच्यांनी किती चषक आणले, आणि हा किती आणील? श्रोतेहो, हा हिशेब वाणसामानाच्या यादीसारखा सरळ असता, तर त्यावर वाद घालण्याचे कारणच उरले नसते.

बिल शँकली आणि बॉब पेझ्ली ही जोडीच पाहावी. शँकली १९५९ च्या डिसेंबरात आले. १९७४ साली त्यांनी पद सोडले, तेव्हा साखळी स्पर्धेची तीन विजेतेपदे, एफ. ए. चषक दोनदा आणि युरोपातील यूएफा चषक एकदा, असे सहा मोठे मान त्यांच्या नावावर होते. पेझ्लींनी पुढील नऊ वर्षांत तेरा मिळविले. त्यांत साखळीची सहा विजेतेपदे होती, आणि १९७७, १९७८ व १९८१ असा तीनदा युरोपीय चषकही होता. म्हणजे पेझ्ली दुपटीहून थोर ठरले काय?

शँकली आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत खितपत पडला होता, ही गोष्ट तक्त्यात दिसत नाही. वर चढावयासच त्यांना १९६२ साल उजाडले. खेळाडू त्यांनी भराभर बदलले. परंतु जुने साहाय्यक मात्र काढले नाहीत. अॅनफील्ड मैदानावर बूट ठेवण्याची एक लहानशी खोली होती. तेथे बसून हे साहाय्यक झालेल्या सामन्यांची चिकित्सा करीत. पेझ्ली त्यांच्यातलेच. तरुणपणी गवंडीकाम शिकलेला, मोजके बोलणारा हा गृहस्थ दुसऱ्याने घातलेल्या पायावर भिंती चढवीत गेला. अर्थात पाया चांगला असला म्हणून घर आपोआप उभे राहते, असेही नाही. आणि हेच पेझ्ली एफ. ए. चषकाला कधी हात लावू शकले नाहीत!

त्याच खोलीतील जो फेगन १९८३ साली वयाच्या बासष्टाव्या वर्षी व्यवस्थापक झाले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी तीन चषक मिळविले. दुसरे वर्ष रिकामे गेले. ते रिकामे वर्ष ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर संपले. २९ मे १९८५ रोजी अंतिम सामन्यापूर्वी तेथे प्रेक्षकांच्या धुमश्चक्रीत भिंत कोसळली व ३९ माणसे दगावली. निवृत्तीचे त्यांनी आधीच ठरविले होते. परंतु जाताना हे ओझे घेऊन जावे लागले.

त्या दुर्घटनेमुळे इंग्रज क्लबांना युरोपीय स्पर्धा बंद झाल्या. केनी डॅलग्लिश यांनी १९८६, १९८८ व १९९० साली साखळी जिंकली. परंतु १९९१ पर्यंतच्या त्या कारकीर्दीत युरोपीय चषकासाठी खेळण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. त्या रकान्यातील त्यांचे शून्य हे अपयशाचे शून्य नव्हे. १९८९ च्या एप्रिलात हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या पुढे ९७ वर गेली. डॅलग्लिश घरोघरच्या अंत्यविधींस जात राहिले. व्यवस्थापकाच्या कामात हे बसते की नाही, याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नाही. त्या गावाने मात्र ते केव्हाच देऊन टाकले आहे.

बरे, निव्वळ गुणच मोजू म्हटले, तरी माप एक नाही. १९८१ पर्यंत विजयास दोन गुण असत, नंतर तीन झाले. पेझ्लींच्या संघाने १९७९ साली ४२ सामन्यांत ३० विजय व ८ बरोबरी साधून ६८ गुण मिळविले. आजच्या मापाने ते ९८ होतील. यूर्गेन क्लॉप यांच्या संघाने २०१८-१९ च्या हंगामात ३८ सामन्यांत ९७ गुण मिळविले, एकच सामना गमावला, आणि तरीही तो दुसरा आला. कारण मँचेस्टर सिटीचे गुण ९८ होते. पुढच्या हंगामात ९९ गुण मिळाले, तेव्हा कोठे तीस वर्षांनी विजेतेपद घरी आले. क्लॉप २०२४ साली गेले. त्यांच्या मागून आलेल्या आर्ने स्लॉट यांनी पहिल्याच हंगामात ८४ गुणांवर साखळी जिंकली. ९७ गुणांचा मनुष्य उपविजेता आणि ८४ गुणांचा विजेता! यात स्लॉट यांचा दोष नाही. समोरचे जितके बलवान, तितकेच आपले गुण खरे, एवढेच.

अॅनफील्डबाहेर शँकलींचा पुतळा आहे. गळ्यात गळपट्टा, हात पसरलेले. २०२० साली तेथे पेझ्लींचाही पुतळा उभा राहिला. तेरा चषकांच्या या धन्याच्या हाती शिल्पकाराने एकही चषक दिलेला नाही. १९६८ मधील एका छायाचित्रावरून तो घडविला आहे. पेझ्ली तेव्हा व्यवस्थापक नव्हते, साहाय्यक होते. जखमी झालेल्या एमलिन ह्यूज या खेळाडूला पाठुंगळी घेऊन ते मैदानाबाहेर चालले आहेत.