लांबच्या ओळखी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



उद्योगाविषयी चार शब्द बोल, असे संयोजकांनी सांगितले. भोसरीत माझा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. तिथे शिकलेली एकच गोष्ट सांगतो. चांगली माणसे आणि नव्या कल्पना पुष्कळदा ओळखीतून मिळतात, आणि तीही लांबच्या ओळखीतून.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हे दाखवून दिले. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांना त्यांनी विचारले. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांनाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे. रोजच्या मित्राला आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. लांबचा माणूस वेगळी बातमी आणतो.

कल्पनांचेही तसेच. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. तोच होमब्रू कॉम्प्युटर क्लब. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ‘ॲपल १’चे आराखडे याच मंडळींत फुकट वाटले. पुढे १९९२ साली सिलिकॉन व्हॅलीतल्या आपल्याकडच्या उद्योजकांनी ‘टाय’ ही संस्था काढली. सिरस लॉजिकचे संस्थापक सुहास पाटील त्यात होते. आधी गेलेल्यांनी नवख्यांना सल्ला आणि ओळखी द्यायच्या, हा तिचा हेतू.

आमचा क्लब म्हणजे चहाची टपरी! तिथे शेजारच्या कारखान्यातल्या फिटरने आमच्या ऑपरेटरला फिक्स्चरमध्ये एक साधा बदल सुचवला आणि जॉब बांधायचा वेळ निम्म्यावर आला. पुढे त्यानेच गावाकडचा आयटीआय झालेला एक मुलगा पाठवला. आज तो आमची एक शिफ्ट सांभाळतो.

मात्र ओळखीचा वशिला व्हायला वेळ लागत नाही. आपलीच माणसे आपल्याच माणसांना आणू लागली, की ज्याच्या घरी कोणाची ओळख नाही तो बाहेरच राहतो. म्हणून त्या मुलालाही मशीनवर काम करून दाखवायला लावले, मगच घेतले. ओळखीने दारापर्यंत आणावे; आत घ्यायचे ते काम पाहून.

आज आपल्या शाळेत दहावीला बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या ओळखीत एकही इंजिनिअर, परिचारिका किंवा सीए नसेल. या मांडवात ती सगळी माणसे बसली आहेत. इतक्या वर्षांनी भेटलेले आपण एकमेकांच्या लांबच्या ओळखीच आहोत. म्हणून विनंती करतो : पंगतीला बसण्याआधी शाळेच्या वहीत आपला व्यवसाय आणि फोन नंबर लिहा. वर्षातून एकदा दोन-तीन मुलांना दिवसभर आपले काम पाहायला बोलवा. देणगी तर देऊच. सोबत आपल्या ओळखीही शाळेला देऊ या.