भूक परत येते तेव्हा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवर मी बोलावं, असा महिला मंडळाचा हट्ट. लिफ्टमध्ये मला नेहमी एकच प्रश्न विचारतात, "आता तुम्हाला भूक लागतच नसेल, नाही का?"

लागते. माझी झाली ती स्लीव्ह शस्त्रक्रिया. त्यात जठराचा पाऊण भाग काढतात, उरतं ते केळ्याच्या आकाराचं. भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 साली शोधलं. म्हणून सुरुवातीचे काही महिने भूक गप्पच असते, घड्याळ बघून जेवावं लागतं. पुढे वर्ष-दीड वर्षात बऱ्याच जणांची भूक हळूहळू परत येते आणि माणूस घाबरतो, की ऑपरेशन फुकट गेलं. तसं नसतं हो! पोट लहानच असतं. बघायचं एवढंच, की त्यात आधी काय जातं. आधी डाळ, अंडं, पनीर, मासळी, मग भाजी, भात-पोळी शेवटी. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानं. चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम मात्र लहान पोटातूनही सहज सरकतात. वजन परत चढतं ते बहुधा त्याच वाटेनं.

नोकरीमुळे मी बरेच दिवस भामरागडला असतो. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की गावाचा संपर्क तुटतो, म्हणून बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जूनमध्येच भरून ठेवतो. त्या जन्मभर घ्यायच्या. संध्याकाळी क्वार्टरमध्ये एकटा असलो की पोट नाही, हात भुकेला होतो, सारखा डब्याकडे जातो. तेव्हा चप्पल घालून सरळ नदीकडे निघतो.

त्या भागात भुकेचा अर्थ वेगळा आहे. मोहफुलं वाळवून पावसाळा काढणारी ती माणसं. 1973 साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तिथे डॉ. प्रकाश आणि मंदाताईंनी कुपोषित मुलांवर वर्षानुवर्षं उपचार केले. अशा ठिकाणी 'मी पोट कापून घेतलं' हे सांगताना जीभ अडखळते. एका माडिया आजींना सांगितलं, तर त्या हसल्या. दोन घास वाढले, मी 'बस' म्हटल्यावर पातेलं झाकलं. विषय संपला.

आपल्याकडे तो संपत नाही! "एका मोदकानं काय होतंय?" एक घास जास्त झाला तर छातीत दाटतं, उलटी होते. बायपास झालेल्यांना तर गोडानं घाम फुटतो, धडधडतं. नितीन गडकरींनी 2011 मध्ये हे ऑपरेशन केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याच बिल्डिंगमध्ये कोणाचं झालं असेल आणि तो सांगत नसेल, तर तो बहुधा या आग्रहाला भिऊनच. त्याचं ताट अर्धं राहिलं तर वहिनींनी कृपया रुसू नये.

कार्यक्रमानंतर जेवण आहे. मी मुलांच्या छोट्या थाळीत वाढून घेणार. जिलेबी फिरवणाऱ्या भाऊंनी माझ्यापुढून मुकाट पुढे जावं, ही नम्र विनंती.