भोंगा नसलेली पाळी



आम्ही गिरणीत पाळ्या केलेली माणसं. भोंगा झाला की साचा दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आम्ही बाहेर. आमच्या पोरांच्या हातातल्या यंत्राला भोंगाच नाही. इंटरनेटवरचं पान पूर्वी संपायचं. २००६ साली अझा रास्किन या तंत्रज्ञाने न संपणारं पान बनवलं. बोट सरकवत राहा, पुढचं येतच राहतं. पुढे त्याने स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला, पण तोवर मालकांचा नफा सुरू झाला होता. इथं कच्चा माल म्हणजे पोरांचा वेळ! २०१६ पासून डेटा स्वस्त झाला आणि हे लोण वस्तीवस्तीत शिरलं.

म्हणून ‘पोरगं वाया गेलं’ म्हणत हात उगारणं आम्हाला मान्य नाही. इंटरनेटचं व्यसन हा स्वतंत्र रोग की नाही, यावर विद्वानांत वाद आहे. मात्र गेम खेळण्याच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या यादीत घेतलं. खेळण्यावर ताबा राहत नाही, शाळा-काम मागं पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो विकार. सुट्टीत चार दिवस गेम खेळला म्हणून पोरगं रोगी ठरत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ साली यासाठी खास उपचार केंद्र काढलं. दारू सोडवायला आपण माणसाला डॉक्टरकडे नेतोच ना?

आणि दहा बाय दहाच्या खोलीतलं पोरगं मोबाइलमध्ये नाही जाणार तर जाणार कुठं? विहाराचं सभागृह संध्याकाळी रिकामं असतं. कुलूप काढा, कॅरम मांडा, दहावीच्या पोरांसाठी रात्री दहापर्यंत दिवे चालू ठेवा. किल्ली सांभाळायला आम्ही आहोत.